शेवटचं वाक्य

पडद्यावरचा जपानी गुंड मरायला टेकला की वाघमारे मायक्रोफोनवर हात ठेवून गप्प बसत. गुंड चिखलात पडून काहीतरी पुटपुटायचा. पुण्याच्या आमच्या फिल्म क्लबात जवळजवळ कुणालाच एक शब्द कळायचा नाही, तरी सगळा हॉल रडवेला व्हायचा.

युद्ध हरलेल्या जपानमधल्या टोळ्यांचा तो जुना कृष्णधवल चित्रपट. प्रिंटवर खाली भाषांतराची अक्षरं नव्हती, म्हणून वर्षातून एकदा वाघमारे पडद्याशेजारच्या खुर्चीत बसून संवाद मराठीत सांगत. ते येरवड्याचे, कारखान्यात फिटर. यंत्रं बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरांच्या हाताखाली, नुसत्या कानाने भाषा शिकलेले. मी करमाळ्याच्या शाळेतला, घरातला पहिला पदवीधर. नव्या सॉफ्टवेअर कंपन्या जपानी येणारी माणसं शोधत होत्या, आणि मी रीतसर परीक्षा देऊन त्यांतल्या एकीत लागलो होतो. ती खुर्ची मला हवी होती. मध्यंतरात लोक वाघमाऱ्यांभोवती जमले की मी चहाचा कप घेऊन लांबून ती डोकी मोजायचो.

एका वर्षी मी त्यांच्या चुकांची यादी केली. एकोणीस निघाल्या. पहिलीच होती, शेवटचं वाक्य गाळतात. चष्मा लावून त्यांनी ती मंडईला निघताना भाजीची यादी वाचावी तशी वाचली.

"बरोबर आहेत की सगळ्या. पुढच्या वेळी तुम्हीच बसा. आम्ही ऐकू."

मी बसलो. एक शब्द सोडला नाही. अर्ध्या तासाने मागून कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "बातम्या किती वाजता संपतात हो?" शेवटी गुंड पडला. मी स्पष्ट आवाजात सांगितलं, "माझे बूट धाकट्याला द्या. त्याला मोठे होतील." कुणीतरी हसलं.

बाहेर वाघमारे सायकलचं कुलूप काढत होते. ते वाक्य तुम्हाला कळत नव्हतं का, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"कळतं की. पण माणूस मरतोय, त्याला बोलू द्यावं. आपण मध्ये कशाला?"

पुढच्या वर्षी खुर्ची पुन्हा त्यांची झाली. क्लबाला तसं मीच सांगितलं, पण मनापासून नाही.

ते गेले तेव्हा शोकसभेत त्यांच्या मुलीने मला बोलायला सांगितलं. "बाबा म्हणायचे, तुमचं जपानी त्यांच्यापेक्षा चांगलं आहे." खिशात दोन पानं लिहून नेली होती. मी उठलो, फोटोला नमस्कार केला आणि पानं न काढताच खाली बसलो. वाटलं, आज जमलं.

मग लक्षात आलं, कुणाचे डोळे ओले झाले ते मी बघत होतो. वाघमारे पडद्याकडे बघत असत.