भोयरांच्या घराचं एक मत

शहराच्या कडेला हुडकेश्वरच्या त्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, वच्छलाबाई भोयर यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. दूधवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी त्या अध्यक्षांच्या घरच्या. खरं तर प्लॉट त्यांच्याच नावावर होता. घेताना कुण्या ज्योतिष्यानं त्यांच्या नवऱ्याला, मनोहररावांना, सांगितलं होतं की जमीन बायकोच्या नावानं लाभेल, आणि मनोहररावांनी ते ऐकलं. बायकोच्या बाबतीत त्यांनी आणखी कुणाचं काही ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. नाव तिचं, पण नागरिक समितीच्या सभेत हात वर करायचा तो मनोहररावांनी. वच्छलाबाईंनाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. सभेला चहा कुणाच्या घरून जातो एवढंच त्यांना माहीत, कारण तो त्यांच्याच घरून जायचा.

मनोहरराव नोकरीत असताना वाडी गावच्या एका गोदामात सुपरवायझर होते. ट्रकवाल्यांशी हुज्जत घालून घालून आवाज खणखणीत झालेला, शिवाय कुणालाही कामाला लावायची हातोटी. ते निवृत्त झाले आणि लेआउटनं त्यांना अध्यक्ष केलं. माणूस कामाचा, हे त्यांच्या वैऱ्यानंही मान्य केलं असतं. नळ आणले, रस्त्यावर दिवे आणले, आणि घरासमोर जिथं उकिरडा होता त्या मोकळ्या जागेत बाग उभी केली. बागेवर त्यांचा फार जीव. अडचण एकच, मोकाट डुकरं. आज लावलेली केळ उद्या सकाळी मुळासकट उकरलेली सापडायची.

शहरात वाढलेल्या माणसानं महापालिकेला अर्ज केला असता आणि वाट बघत बसला असता. मनोहररावांचं तरुणपण कुही तालुक्यातल्या शेतात गेलेलं. तिकडे रानडुकरं पिकात शिरतात म्हणून लोक अंधार पडला की कुंपणाच्या तारेत करंट सोडतात. कायद्यानं बंदी आहे, कधी माणसंही मरतात, तरी सोडतात आणि पहाटे उठून बंद करतात. मनोहररावांनी तेच केलं. आपल्या घरच्या मीटरवरून वायर ओढली, बागेच्या तारेला जोडली आणि बटण पोर्चमध्ये बसवलं. सभेला विचारलं नाही. वच्छलाबाई म्हणाल्या की हे काही शेत नाही, इथं माणसं फिरतात. त्यावर त्यांना विचारण्यात आलं की अध्यक्ष कोण, तू की मी. त्यांनी पुढे तोंड उघडलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असेल तर ते तिथंच.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका सकाळी ते बटण बंद करायचं राहिलं. बाग झाडायला कांताबाई यायची. तिनं फाटकाजवळची तार धरली आणि ती तिथंच चिकटली. वच्छलाबाई अंगणात सडा टाकत होत्या. हातातली बादली टाकून त्या धावल्या आणि मेन स्विच पाडला. कांताबाई वाचली. उजवा तळहात मात्र आतपर्यंत भाजला. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा तिची बोटं मिटत नव्हती, म्हणजे झाडू गेला आणि झाडूवर चालणारं घरही अडलं.

पोलीस आले तोवर मीटरवरून ओढलेली वायर निघाली होती. मनोहरराव आणि उपाध्यक्ष नत्थूजी या दोघांनी मिळून ती काढली. पोलिसांना सांगण्यात आलं की खांबावरची वायर तुटून पडली असेल. कुणी पाहिलं का, तर कुणीच नाही. पोलीस आले तेव्हा वच्छलाबाई स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. पुढे मनोहररावांनी तब्येतीचं कारण सांगून पद सोडलं, नत्थूजी अध्यक्ष झाले, आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं.

तो मिटला नाही, कारण कांताबाईची मुलगी दिपाली पोलीस ठाण्यात तक्रार देऊन आली. आता लेआउटमधलं कुणीतरी साक्षीला उभं राहायला हवं होतं. तसं कुणी राहू नये म्हणून नत्थूजींनी सभा बोलावली. ठराव असा, की अध्यक्षानं पदावर असताना जे केलं ते लेआउटच्या भल्यासाठी केलं, म्हणून माजी अध्यक्षांविरुद्ध कोणत्याही सभासदानं पोलिसांत तक्रार किंवा साक्ष देऊ नये. नत्थूजींना मित्राची काळजी होती हे खरंच. पण आज ना उद्या आपणही माजी होणार, हेही त्यांच्या ध्यानात होतं.

ठराव एकमतानं, एकही घर न वगळता, हवा होता, म्हणजे ठाण्यात वजन पडलं असतं. तिथं मनोहररावांचाच एक नियम आडवा आला. एका घराला एक मत, आणि ज्याच्याबद्दल ठराव त्यानं हात वर करायचा नाही. नत्थूजींच्या कंपाउंडची भिंत रस्त्यावर सरकली होती तेव्हा मनोहररावांनी हा नियम केला होता, आणि नत्थूजी तो विसरणं शक्य नव्हतं. मग भोयरांच्या घराचं मत देणार कोण? कुणीतरी सुचवलं की घर वहिनींच्या नावावर आहे, त्यांनाच बोलवा. मनोहररावांनी घरी येऊन समजावून सांगितलं. जायचं, बसायचं, सगळे करतील तेव्हा हात वर करायचा. चहाचं या वेळी दुसरीकडे सांगितलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी वच्छलाबाई कांताबाईकडे गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. कांताबाई डाव्या हातानं कणीक मळत होती आणि परात पुढे पुढे सरकत होती, म्हणून वच्छलाबाई खाली बसल्या आणि त्यांनी परात धरून ठेवली. बराच वेळ दोघी इकडचं तिकडचं बोलल्या. मग कांताबाई मान वर न करता म्हणाली, "तुम्ही धावल्या म्हणून मी जिती आहो, बाई. मंग पोलिसाले काहून नाही सांगितलं?"

मला कुणी विचारलंच नाही असं वच्छलाबाईंना सांगता आलं असतं, पण ते त्यांच्या स्वतःच्याच कानाला खोटं लागलं असतं. घरी परत येताना त्यांना इतकी लाज वाटली की ओळखीची बाई दिसली तशी त्यांनी गल्ली बदलली.

सभेत नत्थूजी छान बोलले. त्यांनी मोबाइल वर धरला आणि सांगितलं की अमेरिकेच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत म्हटलं आहे, पदावर असताना केलेल्या सरकारी कामासाठी त्याच्यावर सहजासहजी खटला चालवता येणार नाही. एवढा मोठा देश आपल्या माणसाला समजून घेतो, आणि आपण घेणार नाही का? आज यांना ठाण्यात उभं केलं तर उद्या कोणता भला माणूस हे पद घेईल? माना डोलल्या. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, कारण फुकट राबणारा अध्यक्ष हुडकेश्वरलाही रस्त्यावर पडलेला नसतो.

हात वर झाले. वच्छलाबाईंचे दोन्ही हात मांडीवरच होते. नत्थूजींनी हसत आठवण दिली, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"माहा हात नाही," त्या म्हणाल्या. "यायनं नळ आणले, दिवे आणले, ते सभेत ठरलं होतं. तार सभेत ठरली नव्हती. ती यायनं आपल्या मनानं लावली. मी नको म्हटलं होतं. अन् कांताबाई चिकटली ते मी माह्या डोळ्यानं पाहिलं. पोलिसानं इचारलं तर मी हेच सांगन."

नवऱ्याविरुद्ध साक्ष देणार का, असं नत्थूजींनी जरा आवाज चढवून विचारलं, आणि पुन्हा अमेरिकेवर आले.

"अमेरिकेचं मले नाही समजत, भाऊजी. पण बटण अध्यक्षानं चालू ठेवलं तर करंट कमी लागते काय?"

मागच्या रांगेतला एक हात खाली आला, मग त्याच्या शेजारचा. काही जण हात खाली घ्यावा की नको या विचारात डोकं खाजवू लागले आणि तसाच तो खाली आला. शेवटी नत्थूजी एकटेच हात वर करून उभे होते, आणि ठराव बारगळला. मनोहरराव पहिल्या रांगेत फरशीकडे बघत बसले होते. ते उठले आणि घरी गेले.

घरात बोलणं बंद झालं. वच्छलाबाईंना भीती वाटली नाही असं नाही. उतारवयात नवऱ्यानं अबोला धरला तर घर खायला उठतं. ताट वाढलं तर ते जेवत, आणि जेवून बागेत जाऊन बसत. आपण केलं ते बरोबर केलं याबद्दल वच्छलाबाईंच्या मनात शंका नव्हती, पण या माणसाचं आता काय होणार या काळजीनं त्यांना घास जात नव्हता.

तिसऱ्या दिवशी मनोहरराव बागेतून आले, पाय धुतले आणि पाटावर बसत म्हणाले, "ठाण्यात जायचं तर जेवूनच जाऊ. तिथं वेळ लागते."

वच्छलाबाईंना वाटलं की साक्ष आपली, हे फक्त सोबतीला येताहेत. ठाण्याच्या व्हरांड्यात जबाबासाठी बोलावलेल्या कांताबाई आणि दिपाली बाकावर बसल्या होत्या. मनोहरराव कांताबाईसमोर जाऊन उभे राहिले. करंट लागला त्या सकाळपासून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आता त्यांनी तिचा हात पाहिला.

"कांताबाई, चूक माही झाली."

कांताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "मले सांगून काय होते जी?" ती म्हणाली. "अंदर जाऊन सांगा."

मनोहरराव आत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं. फौजदार ओळखीचा होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर अगदी आपुलकीनं सुचवलं की हे समितीच्या कामात घडलं आहे, तर जबाबात समितीचं नाव घालू, तुमच्या एकट्यावर कशाला येईल.

"समितीचं नाव नका घालू, साहेब," मनोहरराव म्हणाले. "तार मी लावली. बटण माह्याच्यानं राहिलं. खांबाची वायर तुटली म्हणून खोटं सांगितलं, तेही मीच. माहंच नाव लिहा."

बाहेर वच्छलाबाईंचे डोळे भरून आले. पुढे कोर्ट काय म्हणेल, किती खेटे घालावे लागतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण इतके दिवस मनात धरून ठेवलेला राग त्या घडीला उतरला आणि त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटला. कांताबाई आतलं बोलणं मान खाली घालून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती दिपालीच्या बाजूला सरकली आणि बाकावर वच्छलाबाईंसाठी जागा केली.