मणीआत्या हसली तर

तुमची मणीआत्या, बातमी जितकी वाईट तितकी मोठ्याने हसते. हे आधीच सांगून ठेवते, कारण ती आता तुमच्या शहरात राहायला येते आहे आणि नवखी माणसं तिला घाबरतात. बारावीला तिचा गणिताचा पेपर पार बुडाला, तेव्हा गावी, जऊळक्याला, आमच्या अंगणात ती इतकी हसली की शेजारच्या काकू पेढे मागायला आल्या.

मणी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ती धाकट्या आजोबांची, म्हणजे माझ्या दिरांची, एकुलती एक लेक. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती औषध भरलेले मणी करते. खसखशीहून बारीक, मऊ आणि गोल. कॅन्सरच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या नळीत ते सोडायचे, म्हणजे ते तिथे अडकून गाठीचं रक्त तोडतात आणि औषधही तिथेच हळूहळू झिरपत राहतं. शिवाय ते एक्स-रेत दिसले पाहिजेत. गावात एवढं कोण ऐकून घेणार? ‘मणी करते’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं आणि तेच नाव झालं.

धाकट्या आजोबांना हे काम काही केल्या पटेना. त्यांची हळद ठिबकवर. नळ्यांत क्षार धरतो, भोकं बुजतात, आणि त्यांचा निम्मा जन्म ती मोकळी करण्यात गेलेला.

“सारं गाव ठिबक चोक होऊ नये म्हनून मरते,” ते म्हणायचे, “अन् तुले चोक करायचा पगार भेटते?”

“बाबा, पानी तुटलं तं झाड मरते ना? मले एकच झाड मारायचं हाये. बाकीचं वावर हिरवं पाह्यजे.”

“अन् भलतंच मेलं तं?”

“म्हनूनच तं मणी दिसला पाह्यजे. कुठं जाऊन बसला, ते समजाले.”

माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर इंग्रजीत नाव लिहिलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे चोरांची फार सोय होते. एका दिवाळीत अनारसे थापायला बसले, तर खसखशीची बरणी रिकामी. बाईसाहेब ती घेऊन वावरात गेल्या होत्या. बिया नळीतून फक्त शेवटच्या ओळीत पोचवून बापाला दाखवायचं, असा बेत होता. पण त्या नळीच्या पहिल्याच वळणावर गोळा झाल्या आणि सगळ्याच ओळी बुजल्या. मी पोचले तेव्हा ती चिखलात फतकल मारून पोट धरून हसत होती, आणि धाकटे आजोबा हातात नळी घेऊन उभे होते.

“हसून काहून राह्यली वं?”

“बाबा, तिकडं पन अस्संच होते.”

तिकडे खरंच तसं होत होतं. एक्स-रेत दिसावं म्हणून मण्यांत जे घालतात, त्याने ते जड होतात, खाली बसतात आणि मुक्कामाआधीच वाटेत घोळका करतात. हलके केले तर दिसत नाहीत. त्या वर्षी आम्ही अनारसे खसखशीशिवाय खाल्ले. त्यातले निम्मे तिनेच खाल्ले आणि चव बरी नाही म्हणाली.

हे हसणं तिच्या आईचं. माझी धाकटी जाऊ आजारी होती, तेव्हा औषध गाठीपुरतं थांबत नसे, सगळ्या अंगात जाई. केस गेले, तोंडाची चव गेली. रिपोर्ट आला की ती वाचून आधी मोठ्याने हसायची, म्हणजे दारात उभ्या असलेल्या पोरीने घाबरू नये. ती गेली, आणि हसणं पोरीकडे आलं.

पुढे प्रयोगशाळेतल्या सरांनी तिला सांगितलं की ही शेवटची खेप. या वेळी मणी नीट गेले नाहीत, तर हे काम बंद. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, इतकी हसत होती. मग म्हणाली, “मोठीमाय, पातळ पान्यात बुडतात, तं मी पानीच दाट करून राह्यली.” चाचणी माणसावर नव्हती. जेलीत झाडासारख्या फांद्या असलेली बारीक नळी बसवायची, एका टोकाने मणी सोडायचे आणि ते फक्त ठरलेल्या फांदीत बसले का, ते एक्स-रे काढून पाहायचं.

चाचणीच्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर तिचा चेहरा होता, पण हसू नाही. ओठ हलले, शब्द फुटेना, आणि फोन कट.

“वहिनी,” धाकटे आजोबा म्हणाले, “हसून नाही राह्यली ते.”

वाईट बातमीला जी एवढी हसते, ती गप्प बसली म्हणजे काय झालं असेल? त्यांनी पिशवीत धोतर कोंबलं, मी दशम्या आणि चटणी बांधली, डब्यावर नाव चिकटवलं, आणि आम्ही स्टेशनवर गेलो. अकोल्याला गाडी बदलून पुणं गाठायचं, पोरीला घरी आणायचं, असं ठरलं.

गाडी यायची होती, तेवढ्यात माझ्या फोनवर तिने पाठवलेला एक्स-रेचा फोटो आला. काळ्या पडद्यावर राखाडी झाड, आणि एकाच, अगदी टोकाच्या फांदीत पांढरे ठिपके ठासून बसलेले. बाकी सगळ्या फांद्या स्वच्छ. धाकट्या आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी नेला आणि बराच वेळ पाहिलं.

“चोक झाली,” ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, “वहिनी, शेवटची ओळ चोक झाली.”

बाकावरचा एक म्हातारा कळवळला. “कोनाची जी?”

“माह्या पोरीनं केली.”

“अरेरे. अन् तुमी हसून काय राह्यले?”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू, दोन्ही एकदमच आलं होतं. गाडी आली आणि आम्हाला न घेता गेली. दशम्या आम्ही बाकावरच त्या म्हाताऱ्यासोबत खाल्ल्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की पोरीची चांगली बातमी आम्ही त्याआधी कधी पाहिलीच नव्हती; ती कशी दिसते हे आम्हाला कळणार कसं?

हे मणी अजून कोणाच्या अंगात गेलेले नाहीत. वाट लांब आहे, आणि तिचा पुढचा टप्पा तुमच्या शहरात आहे. म्हणून नीट लक्षात ठेवा. मणीआत्या दारात येऊन खदखदा हसली, तर कामाचं काही विचारू नका. आधी पोटभर खायला घाला. आणि गप्प आली, तोंडून शब्द फुटेना, तर रात्र असो की दिवस, मला लगेच फोन करा. धाकट्या आजोबांनी आजपासूनच फोन उशाशी घेतला आहे.