ज्याच्या त्याच्या नकलेत

पाटणकर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी खळ्यात भात झोडत होतो. फोन त्यांच्या शेजाऱ्यांचा होता. सकाळी झोपेतच गेले, एवढंच ते बोलले. मी हातातली पेंढी झोडून पुरी केली, दुसरी घेतली, तीही झोडली, आणि मग खाली बसलो. तीन आठवडे मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. आजारी नव्हतो, कामात अडकलो होतो असंही नाही. रुसलो होतो. पंचाहत्तरी गाठलेला माणूस रुसला हे लिहायला बरं वाटत नाही, पण ते लपवून सरांबद्दल लिहायचं तर न लिहिलेलंच बरं.

सर कर्जतच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि भिसेगावात राहायचे. मी खालापूर तालुक्यातला, भाताची शेती करणारा, शाळा चौथीपर्यंत. आमची गाठ पडली ती नाटकामुळे. आमच्या गावात देवीच्या जत्रेला गावातलेच लोक नाटक करतात. तीच ती देवादिकांची नाटकं, तेच पुठ्ठ्याचे मुकुट. वीस वर्षांपूर्वी मंडळींनी ठरवलं की यंदा काहीतरी नवीन पाहिजे, आणि कोणाच्या तरी ओळखीनं सरांना गावात आणलं. सर म्हणाले, एक जुनं इंग्रजी नाटक आहे, शेकडो वर्षांपूर्वीचं, ते मी तुमच्या बोलीत उतरवून देतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रजीला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

गोष्ट अशी. परक्या मुलखातून आलेला एक शूर सरदार आहे. त्याची बायको देखणी आणि भली. सरदाराच्या हाताखालचा एक माणूस त्याच्या कानात रोज थोडं थोडं घालतो, की तुझी बायको तुझी राहिली नाही. सरदार ते खरं मानतो, तिचा जीव घेतो, आणि सगळं झाल्यावर त्याला कळतं की ती निर्दोष होती. ते कानात घालणाऱ्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज देवळापासून ओढ्यापर्यंत जायचा. पण ही गोष्ट आज मी अशी सरळ सांगतोय, तेव्हा मला ती ठाऊक नव्हती. आमच्याकडे नाटकाचं अख्खं बाड कोणाला देत नाहीत. प्रत्येकाला त्याची नक्कल मिळते. म्हणजे फक्त आपली वाक्यं कागदावर उतरवलेली, आणि आपल्या आधी जो बोलणार त्याचे शेवटचे दोन-चार शब्द, कुठं तोंड उघडायचं ते कळायला. मी अक्षर लावत लावत वाचणारा. बांध घालता घालता महिनाभर ती नक्कल पाठ केली, आणि माझ्या मनात माझा माणूस पक्का झाला. माझ्या आधीचा जो तो म्हणतोय, तुझ्यासारखा सच्चा माणूस नाही. माझ्या तोंडी वाक्य आहे की सरदारानं माझी वरची जागा एका कालच्या पोराला दिली. आणखी एक आहे, की माझ्याच बायकोवर त्याचा डोळा होता असं लोक बोलतात. मी म्हटलं, झालं तर. हा सच्चा माणूस, ह्याच्यावर अन्याय झालाय, आणि सरदार लफंगा आहे. मी तालमीला गेलो तो छाती काढून, नाटकाचा नायक होऊन.

सरांनी पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले की गणपतराव, तुम्ही ह्या नाटकातला खलपुरुष आहात. मला राग आला. मी म्हटलं, कोण म्हणतो? मला कारण आहे. सर म्हणाले, कुठं आहे कारण? मी नक्कल त्यांच्या तोंडासमोर धरली. त्यांनी ती वाचली, जशी काही स्वतः लिहिलेलीच नव्हती, आणि म्हणाले,

"तुमच्या नकलेत आहे. बाकी कोणाच्याच नकलेत नाही."

मी इतरांच्या नकला मागून घेतल्या आणि दोन दिवस लावत बसलो. खरंच नव्हतं. माझ्या बायकोचं आणि सरदाराचं काही होतं असं मी सोडून कोणी बोलत नव्हतं. तरी मी ऐकलं नाही. मी सरांना सांगितलं की कारणाशिवाय माणूस काय करत नाय, आणि मला जसं दिसतंय तसंच मी करणार. तसंच केलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर एका म्हातारीनं मला थांबवून शाबासकी दिली, बरं केलंस रं, त्या सरदाराला अद्दल घडायलाच पायजे होती. नाटक पार उलटं झालं होतं. सर रागावतील असं मला वाटलं होतं. ते आठवडाभर हसत होते, आणि मग त्यांनी मला भिसेगावला बोलावून घेतलं. इतकी वर्षं मी हे नाटक शिकवतोय, म्हणाले, पण त्या माणसाला स्वतःचं म्हणणं पटत असेल हे मला कधी दिसलंच नव्हतं. आता सांगा, त्याला खरंच पटत होतं, की तो स्वतःशीही खोटं बोलत होता?

तेव्हापासून वीस वर्षं, आठवड्यातून एकदा, आमचं हेच. लोकांना वाटायचं, ह्या दोघांचं काय जमतं? सर पुस्तकातलं सांगायचे. मोठमोठे विद्वान ह्या माणसाच्या मागे लागून थकले, कोणी म्हणतो हेवा, कोणी म्हणतो नुसती मौज, कोणी म्हणतो कारण नाही हेच कारण. मी गावातलं सांगायचो. आमच्याकडे एक म्हातारा होता, तो दुसऱ्याच्या खाचराचा बांध फोडून पाणी सोडून द्यायचा. ते पाणी त्याच्या शेतात जायचंही नाही, ओढ्याला जायचं. एकदा पंचांनी त्याला समोर बसवून विचारलं, तर म्हणाला, "साठलेलं पानी बगवत नाय मला." हे ऐकून सर उठून उभे राहिले. घरात दोन फेऱ्या मारल्या. चार वेळा ते वाक्य माझ्याकडून वदवून घेतलं. पुढच्या आठवड्यात गेलो तर विचारतात, तो म्हातारा स्वतःच्या खाचरात पाणी ठेवायचा का? मी म्हटलं, ठेवायचा की. सर म्हणाले, मग ते बघवायचं त्याला? आता हे मला काय माहीत… पण मी गावात जाऊन चौकशी केली. सरांनी विचारलं की ते डोक्यात शिरायचं, काम करताना, जेवताना तेच. चौथी शिकलेल्या माणसाला कोणी असं विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ऐकायला थांबत नाही. सर थांबायचे. चहा निवून जायचा, सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून ओरडायच्या की अहो, त्या सरदाराला सोडा आणि कप उचला, तरी थांबायचे.

आता मी रुसलो कशाला ते. त्या दिवशी सर जरा थकलेले वाटत होते. बसल्या बसल्या म्हणाले,

"गणपतराव, वीस वर्षं आपण त्या कानात घालणाऱ्याच्याच मागे आहोत. ज्यानं कान दिला त्याचं काय? त्यानं का मानलं?"

मी म्हटलं, भोळा होता. सर म्हणाले, लढाईत एवढा हुशार आणि घरात भोळा? मी म्हटलं, परका माणूस, घाबरला असंल. सर म्हणाले, असेल. पण घाबरलेला माणूससुद्धा बायकोला एकदा सरळ विचारेल ना? ह्यानं का नाही विचारलं? आणि माझ्याकडे बघत राहिले, नेहमीसारखे, उत्तराची वाट बघत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "सर, नाटकाचं बोला. माझ्या घराचं नको." ते चकित होऊन म्हणाले, "मी नाटकाचंच बोलतोय." मी चहा तसाच ठेवून उठलो.

माझ्या घरातलं असं. धाकटा भाऊ काशिनाथ आणि मी एकत्र होतो, एक चूल, एक शेती. तालुक्यातून मोठा रस्ता झाला, आणि रस्त्याकडेच्या जमिनींना पाय फुटले, जो तो विकायला लागला. गावातला एक जण मला म्हणाला की काशा खालापूरला तहसिलात दिसला, हातात कागद होता. मी त्याच संध्याकाळी चूल वेगळी केली. महिन्याभरात घराच्या मधोमध भिंत घातली. ह्याला बावीस वर्षं झाली. काशानं काहीच विकलं नाही. सातबाऱ्यावर आजही दोघांची नावं आहेत, आणि ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण बोलायचं म्हणजे चुकलो म्हणायचं, आणि ते मला आयुष्यात कधी जमलं नाही. आमचं नाटक झालं तेव्हा भिंतीला दोन वर्षं झाली होती. मी आहे म्हणून काशा ते बघायला आला नाही. आणि मी, कानात घालणाऱ्याचं काम करताना, एकदाही मनात आणलं नाही की माझ्याही कानात कोणी घातलंय. सरांना हे सगळं गावातून कळलेलं असणार. त्या दिवशी ते खरंच नाटकाचं बोलत होते की माझं, हे मात्र आता कोण सांगणार?

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं आणि कागदांची एक गुंडाळी हातात दिली. सरदाराची नक्कल. अख्खी नव्हे, शेवटाच्या थोडी अलीकडेच थांबलेली. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला बारीक वाचता येत नाही, म्हणून एकेक अक्षर बोटाएवढं मोठं. तुम्ही यायचे थांबलात, त्या दिवसांत रोज सकाळी बसून लिहीत होते, असं वहिनी म्हणाल्या. मी लिहून देते म्हटलं, तरी मला लिहू देत नव्हते.

मी चार दिवस ती लावत बसलो. वीस वर्षं त्या नाटकावर बोललो, पण सरदाराच्या बाजूनं कधी वाचलं नव्हतं. त्याच्या तोंडी प्रश्नच प्रश्न आहेत. काय पाहिलंस, कुठं पाहिलंस, तुला काय वाटतं, लपवू नकोस, सांग. सगळे प्रश्न त्या दुसऱ्याला. बायकोला हुकूम आहेत, टोमणे आहेत… खरं काय ते विचारणारा प्रश्न एक नाही. आणि मला नवल वाटलं ते ह्याचं, की सुरुवातीला तो दुसरा फारसं बोलतच नाही. अर्धं बोलतो, गप्प होतो. हाच मागे लागतो. मी माझी नक्कल करताना समजायचो की मी ओततोय. इकडून बघितलं तर हा कान पुढं करून उभा आहे. कागद हातातून खाली ठेवला आणि मला ती तहसिलातली बातमी आठवली. तो माणूस फक्त एवढंच म्हणाला होता, काशा दिसला, कागद होता. पुढचं सगळं मीच विचारून विचारून काढलं होतं. कसला कागद? बरोबर कोण होतं? जमिनीचाच असंल ना? तो आपला हो म्हणत गेला. त्यानं ते का केलं, मला माहीत नाही. तो कधीच गेला. आणि खरं सांगतो, त्याचं कारण शोधण्यात आता मला गोडी राहिली नाही.

मी भिंतीला वळसा घालून काशाच्या अंगणात गेलो. तो सुपात वाल निवडत बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं,

"काशा, तू तवा खालापूरला कशाला गेला होतास? तहसिलात. रस्ता झाला तवा."

त्यानं मान वर केली नाही. दोन-चार खडे काढून टाकले. मग आठवायला लागला. अगदी मनापासून, डोळे बारीक करून. मी दोन्ही उत्तरांची तयारी ठेवून आलो होतो. जमिनीसाठी गेलो होतो म्हणाला असता तरी चाललं असतं, नाही म्हणाला असता तरी.

"गेलो असंन, दादा," तो म्हणाला. "पन कशाला, ते आता आठवत नाय. तवा इचारायचंस."

बावीस वर्षं ज्या कारणावर भिंत उभी होती, ते त्याच्याकडेही नव्हतं. त्यानं सूप माझ्याकडे सरकवलं. "बस. उभा काय ऱ्हायलास, पाव्हन्यासारखा." मी बसलो, वाल निवडायला लागलो. माझ्या हाताला किडके ओळखू येत नव्हते, तो मी निवडलेलं परत निवडत होता आणि पुटपुटत होता, की तुझ्या वाट्याला शेती नसती आली तर तू काय केलं असतंस, देव जाणे.

गेल्या आठवड्यात मी त्याला भिसेगावला घेऊन गेलो. खिडकीशी सरांची वेताची खुर्ची आहे. ते गेल्यापासून मी दोनदा तिथं गेलो, दोन्ही वेळा जमिनीवर बसलो, खुर्चीला हात लावला नाही. काशा आत आला, चप्पल काढली, आणि जाऊन सरळ त्या खुर्चीत बसला, पाय वर घेऊन. मी तोंड उघडलं होतं. वहिनींनी मला हातानं थांबवलं. मग त्यांनीच त्याला सगळं नाटक सांगितलं, पहिल्यापासून. आत राहून वीस वर्षं ऐकलेलं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. काशा हुं हुं करत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, त्या दोघांचं काय ते तुमचं तुमी बगा, शिकलेली मानसं. मग पाय खाली सोडले, आणि म्हणाला,

"पन ती बायको गप का ऱ्हायली, ते मला ठाव हाय. आपल्याच मानसाला, मी चोर नाय, असं जाऊन सांगायचं का? त्यानं इचारलं तर सांगू."

त्या बायकोचं आपणहून न बोलणं वीस वर्षांत आमच्या दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सर ह्यावर काय म्हणतात ते बघायला मी सवयीनं खुर्चीकडे वळलो. तिथं काशा बसलेला होता, माझ्याकडेच बघत, उत्तराची वाट बघत.