नाल्याआधीचे दोन खड्डे

झुलालला एका जागी बसलेले मी पाहिले नाही. धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीच्या वसाहतीत, सांडपाण्याच्या टाक्यांवर आम्ही दोघे होतो. मी गाळ उपसायचो. तो शेवटच्या टाकीत ब्लीचिंग पावडर कालवून सोडायचा. रोज एक किलो.

१९८८ च्या मार्चमध्ये कागद आला: मेअखेर तपासणी. नमुन्यात औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळे झाले पाहिजे, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. सुपरवायझर रतिलाल म्हणाला, "नाल्याच्या तोंडाशीसुद्धा पाण्याला हळद लागली पाहिजे, झुलाल. नाहीतर उद्यापासून घरी बस."

झुलालने एकाचे चार किलो केले.

तिसऱ्या दिवशी नाल्याखालच्या डोहात मासे उलटे तरंगले. लोक टोपल्या घेऊन धावले. भोईवाड्यातल्या बेबाबाईचे घर त्या डोहावर चाले. ती टोपली न घेता टाकीपाशी आली.

"झुलालभाऊ, बठ्ठा मासा मरी ग्यात. काय टाकस रे तू?"

"जंतू मारस, अक्का."

"मासा काय जंतू शेतस?"

त्या दिवसापासून पाळी संपेपर्यंत तो रोज चारदा डोहावर जाऊन यायचा. भाकरी उभ्याने खायचा. मग त्याला गावची विहीर आठवली. तिच्यात पावडर टाकली की वास उडेपर्यंत कोणी घागर बुडवत नसे. त्याने कुदळ घेतली. टाकी आणि नाल्याच्या मध्ये दोन खड्डे, तीस फूट बाय वीस, गुडघाभर खोल. एक भरायचा, दुसरा दिवसभर उन्हात ठेवायचा, वास उडाला की नाल्यात सोडायचा. कडक मुरूम होता. काम सुटल्यावर रोज खणून पन्नास दिवस लागले. त्यातले अठरा दिवस मी हात लावला, जास्त नाही.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नाल्याच्या तोंडाशी नमुना घेतला. रंग आला नाही. रतिलालने डोळे वटारले.

"पावडर टाकलीच नाही का?" साहेब म्हणाले.

झुलाल धावत जाऊन टाकीतले पाणी घेऊन आला. थेंब पडताच पिवळे.

"जंतू टाकीत मेले, साहेब. पुढे मासे आहेत."

साहेब खड्ड्यांच्या कडेने चालत गेले, परत आले आणि टाकीचा नमुना लिहून घेतला. झुलालची नोकरी राहिली.

पावसाळ्यानंतर बेबाबाईने डोहात जाळे टाकले. बोटभर तीन मासे आले. "आजून न्हाना शेतस," म्हणून तिने परत सोडले.

झुलाल ते पाहून घरी गेला नाही. खड्ड्यातले पाणी हुंगायला पुन्हा वर आला.