बाइंडरांची खळ आणि मोहरीचा सॉस

चाळीस वर्षं पुस्तकं बांधून बाइंडरांचा अंगठा पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता, पण बांधलेलं एकही पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. "आतलं वाचत बसलो, तर बाहेरचं कोण बघणार?" असं ते म्हणत. खाली दुकान, वर घर. दुकानात मैदा पाण्यात शिजवून खळ करायची, तिनेच पुठ्ठे चिकटवायचे. ही खळ ते डोळे मिटून करत. वरच्या स्वयंपाकघरात मात्र त्यांची मजल चहापर्यंतच, कारण तिथे बायकोचं राज्य. आणि नावं ठेवण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. सख्ख्या बहिणीच्या हातचं असो की हॉटेलातलं, पहिल्या घासाला तिचा शेरा यायचाच. बाइंडर त्याला फार वैतागायचे.

चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. कॉफी कळेना, करपलेलं दूध कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. तिने स्वयंपाकघराकडे पाठच फिरवली. बाइंडर जे काही कच्चंपक्कं पुढ्यात ठेवत, त्यातले दोन घास खाऊन ती म्हणायची, "ठीक आहे." ते 'ठीक आहे' बाइंडरांच्या जिव्हारी लागायचं. नाव न ठेवणारी ही बाई कोण, असं वाटून त्यांना चक्क भीती वाटायची.

तशात दाताच्या डॉक्टरीणबाई आईचं पाककृतींचं जुनं पुस्तक बांधायला देऊन गेल्या. शिवता शिवता बाइंडरांची नजर एका पानावर अडली. साय घातलेला मोहरीचा सॉस, उकडलेल्या बटाट्यांवर ओतायचा. खाली छापलं होतं, 'मोहरी नाकात चढली पाहिजे.' वास कळत नसला तरी झोंबणं तर कळेल की! आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकाचं पान वाचून काढलं, छापलेली कृती तेवढी उतरवून घेतली, आणि वर जायच्या घाईत पुस्तक कटिंग मशीनमध्ये घालून त्याच्या कडा सपासप कापल्या.

वर जाऊन लोण्यावर मैदा परतला, दूध ओतलं, साय घातली, मोहरीची पूड घातली. पुढचा ताबा हाताच्या सवयीने घेतला. खळ घोटतात तसा त्यांनी सॉस रटारटा उकळत घोटला, चमचा भांड्यात उभा राहीपर्यंत. बायको खात असताना ते तिच्या नाकाकडे टक लावून बसले. नाक जागचं हललं नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली.

त्यांनी स्वतः चाखून बघितला. झोंबणं राहिलं बाजूला, टाळूलाच चिकटला.

दुसऱ्या दिवशी कागदाच्या कातरणाची टोपली रिकामी करताना त्यांना एका पट्टीवर पेन्सिलीची अक्षरं दिसली. कापण्याआधी प्रत्येक पान उलटून बघायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. तो नेमका काल मोडला होता. डॉक्टरीणबाईंच्या आईने समासाच्या अगदी कडेला उभं लिहिलेलं सगळं त्यांनी छाटून टाकलं होतं. टोपली उपडी करून ते जमिनीवर मांडी ठोकून बसले. नऊ पट्ट्या निघाल्या. त्यातल्या एका, लोण्याचा डाग पडलेल्या पट्टीवर लिहिलं होतं: 'मोहरी आधी गार पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवायची. गॅस बंद केल्यावरच घालायची. उकळली की मेली.'

त्यांनी फोन करून गुन्हा कबूल केला, बिघडलेल्या सॉससकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पट्ट्या सगळ्या आहेत ना? मग जागच्या जागी चिकटवा. आणि आईने सांगितलंय तसंच करा."

दुपारपर्यंत पट्ट्या चिकटवून झाल्या. मग बाइंडरांनी मोहरी गार पाण्यात कालवली आणि घड्याळासमोर बसून राहिले. सॉस पातळसर असतानाच गॅस बंद केला. हात आणखी घोटायला शिवशिवत होता, पण त्यांनी तो आवरला. मोहरी सगळ्यात शेवटी घातली.

बाहेरच्या खोलीत बायकोने घास घेतला. आधी काहीच झालं नाही. मग तिचा हात कपाळावर गेला, नाक लालबुंद झालं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"अगं बाई! अहो, घातलंत काय यात? थेट डोक्यात गेलं!"

बाइंडर घाबरून पाणी आणायला उठणार, तोच तिने नाक पुसलं, ताटली जवळ ओढली आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"मीठ कमी आहे," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "बटाटे कच्चट राहिलेत. आणि कालचं ते काय होतं हो? शुद्ध खळ! पुठ्ठ्याला लावायची ती बायकोला वाढलीत?"

बाइंडरांना भलताच आनंद झाला. मीठ आणायला ते उठले, तर ती म्हणाली, "बसा, मी घेते." चार महिन्यांत पहिल्यांदाच ती स्वयंपाकघरात गेली, आणि आतून लगेच तिचा आवाज आला.

"ही मिठाची बरणी इथे कुणी ठेवली?"

"मीच!" बाइंडर ओरडले. इतक्या खुशीत त्यांनी आजवर एकही चूक कबूल केली नव्हती.