मडक्यातलं पाणी

माझी पहिली मुलगी एकवीस दिवसांची होऊन गेली. त्र्याऐंशी साल असेल. तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मोठे दीर गल्फला होते, ते आले की थाटात करू, असं सासूच म्हणाली होती. पोर गेल्यावर ते कोणाला आठवलं नाही.

आमच्या मनोरीत ख्रिस्ती पोरींना लहानपणीच शिकवतात, मूल मरायला टेकलं आणि फादर जवळ नसले, तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतून एक वाक्य म्हणायचं. बाप्तिस्मा होतो. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण ते वाक्य पाठ होतं. त्या दुपारी पोरीचे ओठ निळे पडले. नवरा होडीने खाडीपलीकडे डॉक्टर आणायला गेला होता. मडकं हाताशीच होतं. पण पाणी ओतलं म्हणजे आईनेच आशा सोडली, असं मला वाटलं. दारात शेजारणी जमलेल्या, आणि चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मी तिला छातीशी धरून बसले. ती तशीच गेली.

पुरून आलो त्या दिवसापासून सासू सुरू झाली. अंगणात आम्ही दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर वाळत घालायचो.

"नीट अडकव गं. पाणी ओतायला जमलं नाही, बोंबील तरी टांग."

"तिला काय बोलतेस, मुकी आहे ती," शेजारीण हसायची.

"मुकी नाय, दगड आहे. पोरीला देवाचं दार बंद करून बसली."

मी ऐकून घ्यायचे. मलाही तेच वाटायचं. दर शनिवारी देवळात जाऊन फादरांना कबुलीच्या जाळीआडून तेच पाप सांगायचे. मी पाणी ओतलं नाही. असं दोन-अडीच महिने चाललं. मग एकदा फादर चिडले.

"बाई, हे किती वेळा सांगणार?"

"माफ होईपर्यंत."

"ते पहिल्याच दिवशी झालं. देवाच्या नावाने माफ केलं म्हटलं, ते ऐकलं नाहीस? की देव खोटं बोलतो?"

"आणि माझी पोर?"

"ज्या येशूने लोकांची पोरं जवळ घेतली, तो तुझ्या पोरीला पाण्यासाठी दारात उभी ठेवील? जा आता. दुसरं पाप असेल तर ते घेऊन ये."

मला रागच आला. माझं एवढं मोठं दुःख, आणि हा माणूस दुसरं पाप मागतो! खाडीच्या बाजूने तणतणत घरी निघाले. अर्ध्या वाटेत पाय थांबले. येशूने माफ केलं असं फादर म्हणतात, आणि मी दर शनिवारी जाऊन त्याला सांगते, नाही, तुला जमलं नाही. सासूचा शब्द मी त्याच्या शब्दापेक्षा मोठा धरला होता. मग ती दुपार परत डोळ्यांसमोर आली. मडक्याजवळ कोण उभं होतं? सासूच. वाक्य तिलाही येत होतं.

सोमवारी ती परत बोंबलांवरून बोलली. शेजारीण समोर होती, तरी मी बोलले, "आये, माझं माफ झालंय. मडक्याजवळ तुम्ही होतात. तुमचं तुम्ही सांगून या."

तिने हातातले बोंबील माझ्या अंगावर फेकले. शेजारीण पहिल्यांदाच हसली नाही. शनिवारी सासू चांगलं लुगडं नेसून देवळात गेली. आल्यावर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मला बरं वाटलं. पोरीचं नाव काढून टोमणा तिने परत कधी मारला नाही. बाकीचे चालूच राहिले.

फादरांनी मागितलेलं दुसरं पाप माझ्याकडे होतंच. सासूवरचा राग. पाण्याचं मी परत कधी सांगितलं नाही. रागाचं मात्र अजून सांगावं लागतं, कारण तो दर आठवड्याला नवा येतो.