उमरीकडचं सागवानी दार

लातुरातल्या एका कॅफेवाल्याला जुन्या दाराचं टेबल हवं होतं. दार आडवं टाकायचं, वर काच बसवायची. सध्या हेच खपतं, आणि माझं पोट त्यावरच आहे. म्हणून सकाळीच पिकअप काढली.

अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. लोह्यात भजी खाल्ली, तेल जुनं होतं. तुम्ही निघालात तर घरून डबा न्या. नांदेडच्या जुन्या लाकडांच्या बाजारात सगळं सागवान म्हणूनच विकतात, तेव्हा खरवडून वास घेऊन बघा. माझ्या नशिबी वाळवीच आली. एका दुकानदारानं उमरीजवळचं गाव सांगितलं. तिथं एक माळवदाचं घर उतरवून राहिलेत म्हणाला.

पोचलो तर छताची पांढरी माती अंगणभर पडलेली, ऊन मरणाचं. तुळया, खांब घरच्या थोरल्या मुलानं झटक्यात दिले, त्याला स्लॅब टाकायचा होता. पुढचं दार किनवटच्या सागाचं, बघतच राहावं असं. दाराला पाठ लावून मुलाची आई, गंगाबाई, बसली होती. मुलगा म्हणाला, त्याचा नाद सोडा.

का, ते गंगाबाईंनीच सांगितलं. धाकट्या लेकीनं मनानं लग्न केलं. एकदाच भेटायला आली, तर बापानं हेच दार तिच्या तोंडावर लावलं. आता बाप गेला. लेक लातुरात असते म्हणतात, पत्ता कुणालाच माहीत नाही.

"घर तर पाडलं. आता आली तर वळखंल कशावरून?"

मी टेबलाचं सांगून टाकलं. त्या दाराला धरून उठल्या.

"आडवं नगं टाकू, लेकरा. रोडकडं तोंड करून उभं कर. तसं करत असशील तर ने. आन् कडी लावू नगं."

कॅफेवाल्याला फोन केला तर तो हसला. टेबलच पाहिजे म्हणाला. मला लई राग आला. दार मीच घेतलं. घरी बायको म्हणाली, कशाला लष्कराच्या भाकरी भाजता?

दार लातुरातल्या माझ्या वर्कशॉपला, रोडवरच बसवलंय. दिवसभर उघडं असतं, धूळ सगळी आत येते. कुणी बाई थांबली की मी पटाशी खाली ठेवून उठतो. बहुतेक जणी किंमत विचारतात.

अधूनमधून गंगाबाईंचा फोन येतो. लेकीचं नाव काढत नाहीत. एवढंच विचारतात, "दार नीट उघडतंय ना?"

हाव मावशी, म्हणतो.